सात ते अकराचं वजन

तिचं नाव निमिया ओवेलार आहे हे कळायला मला चार महिने लागले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी शहाणपणा शिकवायला लागले तर तुम्ही मला तिथेच अडवाल. आमच्या वॉर्डात आयांना नावं नसतात. "आई, जरा बाहेर हो." "आई, हे धर." "आई, डॉक्टर आले, पिशवी उचल." सतरा खाटा, सतरा आया, सगळ्यांना एकच हाक, आणि हाक मारली की सतराच्या सतरा माना वळतात.

मी दिग्ना फ्रेतेस. राजधानीतल्या, म्हणजे आसुन्सिओनमधल्या एका सरकारी हॉस्पिटलात, लहान मुलांच्या किडनी वॉर्डात नर्स आहे. तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. माझ्या नाकावर कायम राग असतो, असं तिथले सगळे म्हणतात. एकोणीस वर्षं तोच कारभार बघितल्यावर नाकावर दुसरं काय असणार?

निमिया कासापाकडच्या एका खेड्यातली. तिच्या आईची मातीची भट्टी होती. पहाटे कसावाचं पीठ, चीज, अंडी आणि चरबी मळून चिपा नावाच्या पावाची कडी भाजायची, टोपलीत भरायची आणि हमरस्त्यावर थांबणाऱ्या बसमध्ये चढून विकायची, हा त्यांचा धंदा. निमिया सहा वर्षांची असल्यापासून गोळे तोडायला बसायची. प्रत्येक गोळा ऐंशी ग्रॅमचा. आई मधूनच एखादा गोळा उचलून तराजूत टाकायची आणि पाच ग्रॅमचा फरक आला की बोटांवर लाटणं बसायचं. दहाव्या वर्षापर्यंत तराजू बाजूला पडला. गोळा हातात घेतला की तिला वजन कळायचं. पुढे लग्न झालं, नवरा सिरिलो वीटभट्टीवर, तीन मुलं, आणि चिपाची टोपली डोक्यावर तशीच. धाकटी पेर्ला सहा वर्षांची झाली तेव्हा तिचा चेहरा सुजायला लागला. गावच्या दवाखान्यात आधी जंतांचं औषध दिलं, मग ॲलर्जीचं. एक दिवस पेर्लाला चप्पल चढेना. निमियाने तिला पाठीवर घेतलं आणि आसुन्सिओनची बस पकडली. आमच्याकडे पोचली तेव्हा पेर्लाच्या दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या.

ती गोष्ट साथीच्या आधीच्या वर्षाची. पेर्लाच्या पोटात नळी बसवली. त्या नळीतून दिवसातून चार वेळा पोटात औषधी पाणी सोडायचं, काही तासांनी काढायचं, की शरीरातला कचरा त्याबरोबर बाहेर येतो. हे काम आई घरी करू शकते. शिकवलं तर, आणि वरच्यांनी परवानगी दिली तर. निमियाला मी शिकवायला घेतलं. हात धुण्यापासून नळीचं टोपण लावण्यापर्यंत तेहतीस पायऱ्या आहेत. नवव्या दिवशी ती मला म्हणाली, "सिस्टर, तुम्ही आत्ता सतरावी पायरी गाळलीत." गाळली होती खरी. मी तिला म्हटलं, "आई, तू तुझ्याकडे बघ." आणि मग मुकाट्याने परत हात धुतले.

आता एकच अट राहिली होती. पेर्लाला दिवसाला सहाशे मिली पाणी, त्यात दूध आलं, सूप आलं, आंब्याची फोडसुद्धा आली. रोज सकाळी सहाला पोटातलं औषधी पाणी काढून वजन करायचं. सलग तीन आठवडे वजन तक्त्यावर आखलेल्या रेषेच्या खाली राहिलं, तर शुक्रवारची समिती तिला घरी सोडणार. नाही राहिलं तर आईच्या हातात मुलगी द्यायची नाही, वॉर्डातच ठेवायची. पेर्ला आली त्याला दहा महिने झाले होते. दोन्ही थोरली मुलं मावशीकडे होती, त्यातल्या एकीने फोनवर निमियाशी बोलणं सोडलं होतं.

निमिया पाणी मोजायची ते बघून माझ्याच घशाला कोरड पडायची. खोकल्याच्या औषधाचं झाकण होतं तिच्याकडे, पाच मिलीचं. सूप गाळून घ्यायची, भाजी वेगळी, पाणी वेगळं. मुलीसमोर स्वतः एक घोट प्यायची नाही. तहान लागली की अंगणातल्या नळावर जाऊन पिऊन यायची.

आणि तरी वजन वाढत होतं.

कधी दोनशे ग्रॅम, कधी तीनशे, रेषेच्या वरच. डॉक्टर बेनेगास रोज सकाळी तक्ता बघायचे आणि रोज त्यांची सहनशक्ती थोडी कमी व्हायची. माणूस वाईट नाही. वॉर्डासाठी मशीन मिळवायला मंत्र्यांच्या दारात चार दिवस बसलेला माणूस आहे. पण आईशी बोलताना त्यांचा आवाज बदलायचा, मोठा आणि सावकाश व्हायचा.

"आई, पाणी कोण देतं हिला?"

"सहाशेच देते, डॉक्टर. मोजून देते."

"मोजून देतेस, तर मग काटा खोटं बोलतोय का?"

"नाही, डॉक्टर."

"मग?"

ती पेर्लाची चादर सारखी करायला लागायची. मग निघताना ते मला म्हणायचे, "दिग्ना, लक्ष ठेव. ह्या बायकांना मुलाचं रडं बघवत नाही, आणि मग आपल्या डोक्याला ताप."

मी लक्ष ठेवलं. बाथरूमच्या नळाची तोटी काढून घेतली. निमियाची पिशवी तपासली. मी स्वतः, ह्या हातांनी, ती समोर उभी असताना. आत एक फ्रॉक, जपमाळ, थोरल्या मुलांचा फोटो आणि ते झाकण. मी विस्कटलेला फ्रॉक तिने पुन्हा घडी करून ठेवला. मग तीन रात्री तिला वॉर्डात झोपू दिलं नाही, बाहेर बाकावर ठेवलं. वजन तरी वाढलं. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे संध्याकाळी देत असणार." आपण एकदा कुणाला चोर ठरवलं की किती सोपं होतं सगळं.

तेव्हाच ती एक गोष्ट सांगायला लागली, आणि रोज सांगायला लागली.

"सिस्टर, अकराला वजन करा."

आमच्याकडे सकाळी सात ते अकरा आयांना वॉर्डात थांबायला बंदी. डॉक्टरांची फेरी असते, ड्रेसिंग असतात, आणि आया मध्ये लुडबुडतात. सातला बाहेर, अकराला आत. निमिया आत आली की पेर्लाला दोन्ही हातांनी उचलायची, क्षणभर धरायची आणि खाली ठेवायची. सुरुवातीला आम्हाला गंमत वाटली होती. "बाई मुलगी तोलते की चिपा?" असं मीच म्हणाले होते, आणि सगळ्या हसल्या होत्या.

"सातला सोडून जाते तेव्हापेक्षा अकराला जड लागते, सिस्टर."

"नाश्ता करते ना मधे. लागणारच जड."

"नाश्ता धरून सांगते."

"दिवसभरात वजन वरखाली होतं, आई. वजन सकाळी सहाचंच धरतात. तसा नियम आहे."

"नियमाचं नाही म्हणत मी. एकदा करा फक्त."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आवाज चढवायची नाही, डोळे खाली, आणि तेच वाक्य. माझ्या डोक्यावर मिरे वाटत होती. आठ दिवसांनी, एका सोमवारी, तिचं तोंड बंद करायचं म्हणून, खरंच फक्त तेवढ्यासाठी, मी म्हटलं, "चल, आण तिला." पेर्लाच्या पोटातलं पाणी उतरवून घेतलं आणि तिला काट्यावर उभं केलं.

सकाळी एकोणीस किलो तीनशे होती. आता एकोणीस सातशे पन्नास. नाश्त्याचे दीडशे वजा केले तरी तीनशे ग्रॅम कुठून आले, ते मला कळेना. मी पेर्लाला विचारलं, "खरं सांग. कुणी पाणी दिलं तुला?"

"नाही, मावशी."

"नळाचं प्यायलीस?"

"नळाला तोटीच नाही."

"मग काय प्यायलीस?"

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा मागमूस नव्हता. तेवढ्यात आमच्या टेबलापाशी बसलेल्या डॉक्टर बेनेगासांनी मान वळवली आणि हाक मारली, "पेर्ला, संपला काय थर्मास? एक शेवटचा भर की."

मी तिथेच उभी राहिले.

आमच्या देशात सकाळी नऊ-दहाला तेरेरे नसेल तर कुठलंच काम पुढे सरकत नाही. शिंगाच्या पेल्यात माते नावाच्या झाडाची वाळकी पानं, त्यावर बर्फाचं पाणी, त्यात ठेचलेला पुदिना नाहीतर दुसरा पाला, आणि सगळ्यांना मिळून एकच नळी. पेला गोल फिरतो. भरून देण्याचं काम वयाने सगळ्यात लहान असेल त्याचं, आणि भरणाऱ्याचीही पाळी असतेच. बसलेल्यांपैकी कुणाला वगळणं म्हणजे त्याला उठून जा म्हणण्यासारखं. आणि तेरेरे पिणं म्हणजे पाणी पिणं असं आमच्याकडे कुणीही धरत नाही. सकाळपासून दोन लिटर तेरेरे रिचवलेल्या माणसाला विचारा, काही प्यायलास का? तो म्हणेल, छे, कुठे, सकाळपासून कामच चाललंय. मीही तेच म्हणाले असते.

पेर्लाला ते काम मी दिलं होतं. दोनच महिन्यांपूर्वी. सातला आई गेली की ती भिंतीकडे तोंड करून रडायची. म्हणून मी तिला टेबलापाशी आणलं, स्टुलावर बसवलं आणि थर्मास हातात दिला. म्हटलं, आजपासून तू आमची तेरेरेवाली. आठवड्याभरात ती हसायला लागली. डॉक्टर तिच्या हातचाच पेला मागायचे. आम्हाला वाटलं, किती माया करतो आपण. रोज पाच-सहा फेऱ्या व्हायच्या, आणि प्रत्येक फेरीत तिची पाळी.

मी निमियाकडे बघितलं. ती काट्यावरचा आकडा बघत होती. मी म्हटलं, "बघू या," आणि काटा बंद केला.

आता मी काय केलं ते सांगते, आणि त्याची मला लाज वाटते. मी त्या दिवशी कुणालाही काही सांगितलं नाही. मंगळवारी पेर्लाला म्हटलं, "बाळा, तू आता मला बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला मदत कर, ते काम फार महत्त्वाचं आहे," आणि टेबलापासून लांब बसवलं. बुधवारी वजन रेषेच्या खाली आलं. गुरुवारी अजून खाली. डॉक्टर तक्ता बघून खूश झाले. "बघितलंस, दिग्ना? आईला तीन रात्री बाहेर काढलं, जरा झापलं, की आली ताळ्यावर." मी तोंडातून ब्र काढला नाही. झोप लागेना, नवऱ्यावर खेकसले, भात करपवला, पण ब्र काढला नाही.

शुक्रवारी समिती बसली. समिती म्हणजे डॉक्टर बेनेगास, समाजसेविका मार्लेने, आणि मी. डॉक्टर मोठ्या मनाने म्हणाले, तीन आठवड्यांची अट सोडून देऊ, आई सुधारली आहे, सक्त ताकीद देऊन घरी सोडू. आणि लिहायला लागले, आईने पाण्याचं पथ्य पाळलं नव्हतं, समज दिल्यावर...

"आईने पाळलं होतं," मी म्हटलं. "आपण पाळलं नाही."

मग सगळं सांगितलं. डॉक्टर आधी हसले. "तेरेरे? अगं दोन घोट असतात ते."

मी उठले, टेबलावरचा पेला आणला, पानं दाबून भरली, पाण्याने काठोकाठ भरला आणि नळीतून सिरिंजने पाणी ओढून घेतलं. पन्नास मिली. सिरिंज त्यांच्या समोर ठेवली. "सहा फेऱ्या. तीनशे. तिच्या दिवसभराच्या पाण्याच्या निम्मं. दोन महिने, रोज, तुमच्या समोर, माझ्या समोर."

त्यांनी सिरिंज उचलून आकडा वाचला. त्यांना वाईट वाटलं, हे मी शपथेवर सांगेन. पण पुढचं वाक्य आलं ते असं: "मुलीला माहीत असायला हवं होतं की तेरेरेही मोजायचं असतं. हे आईने शिकवायला नको?"

"आईला सातला बाहेर कोण काढतं?"

"दिग्ना, आवाज."

मार्लेने मध्ये पडली. ती थकलेली बाई, चार वॉर्ड एकटी बघते. म्हणाली, "हे बघा, आपली चूक लिहायची तर हा कागद चालणार नाही. ह्या कागदावर आईवडिलांच्या चुकीला जागा आहे, आपल्या चुकीला रकानाच नाही. वेगळा अहवाल, मग वरच्या कार्यालयाची चौकशी, आणि चौकशी होईपर्यंत मुलीला सोडता येत नाही. महिना तर धरूनच चाला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला बरोबर ठरायचंय की मुलीला घरी पाठवायचंय?"

मला त्या वेळी तिघांचीही चीड आली, माझी धरून. तरी मी अडून बसले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आईलाच विचारू." इतक्या महिन्यांत त्यांनी आईला तिचं मत विचारायची ही पहिलीच वेळ.

निमिया आत आली आणि दाराजवळ उभी राहिली. डॉक्टरांनी नेहमीच्या सावकाश आवाजात समजावलं. ह्या कागदावर लिहिलंय की तुझ्याकडून पाण्याच्या बाबतीत हयगय झाली आणि पुढे होणार नाही. सही केलीस तर रविवारच्या बसने जाऊ शकतेस. तुला हे मान्य नसेल तर तोही तुझा हक्क आहे, मग चौकशी होईल. तेरेरेचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढला. म्हटलं, "निमिया, वजन आमच्यामुळे वाढत होतं. तुझ्यामुळे नाही. सही करायची गरज नाही."

तिने कागद हातात घेऊन ओळीवर बोट ठेवत वाचला. स्पॅनिश वाचायला तिला वेळ लागतो, आम्ही थांबलो. मग तिने एवढंच विचारलं, "ह्या रविवारीच ना?"

"ह्याच," मार्लेने म्हणाली.

निमियाने सही केली. डॉक्टरांनी कागद फाइलला लावला, आणि उठताना तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शाबास, आई."

मी तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले. मला ओरडायचं होतं. कुणावर ते ठरत नव्हतं, म्हणून तिच्यावरच ओरडले. "सही कशाला केलीस? तो कागद आता जन्मभर फाइलमध्ये राहणार. उद्या किडनी बसवायची वेळ आली की तिथले लोक वाचतील, आई बेजबाबदार आहे म्हणून. आणि ऐक, मला सोमवारीच कळलं होतं. मी चार दिवस गप्प बसले. तू मला काहीतरी बोल तरी."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, "मला तर तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं, सिस्टर."

"काय?"

"अकराला आले की तिच्या तोंडाला पुदिन्याचा वास यायचा. मला काय तेरेरेचा वास कळत नाही?"

मी तिच्या शेजारी बसले. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? डॉक्टर, माझ्या मुलीला तुम्ही पाजता, असं?" तिने मान हलवली. "मी म्हणत होते ना, अकराला वजन करा. म्हटलं, तुमचं तुम्हाला दिसलं तर बरं."

"निदान पेर्लाला तरी सांगायचंस. पिऊ नको म्हणून."

"मग ती तुमच्यात बसली नसती. सात ते अकरा मी तिथे नसते, सिस्टर. तुमच्याशिवाय तिला तिथे कोण होतं?" ती शालीचा काठ बोटांभोवती गुंडाळायला लागली. "मी संध्याकाळचं पाणी कमी करत होते. शंभर, कधी दीडशे. सगळं नाही कमी करता यायचं. रडायची. आई, आज इतकंच का, म्हणायची. मी सांगायचे, डॉक्टरांनी सांगितलंय."

मी म्हटलं, "तुला राग नाही येत?"

"येतो की." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. "पण महिन्यातून एकदा मला तिला घेऊन इथेच यायचंय. नळी बिघडली तर इथेच. ताप आला तर इथेच, तुमच्याच हातात. तुम्हाला माझ्यावर रागवायला परवडतं, सिस्टर. मला तुमच्यावर रागवायला परवडत नाही."

मग ती उठली आणि मला म्हणाली की घरी न्यायच्या औषधी पाण्याच्या पिशव्यांची खोकी किती असतील ते आधी सांगा, बसवाल्याशी बोलून ठेवावं लागेल. मी सांगितलं, अठरा.